आवडेल तेथे प्रवास

'आवडेल तेथे प्रवास' हे राज्य परिवहन महामंडळाच्या एका पासयोजनेचे नाव. चार किंवा सात दिवसांचा पास काढावा आणि तेवढ्या मुदतीत एसटीने हवे तिथे जावे, अशी ही 1988 पासूनची सोय. सरकारी कागदांत 'आवडणे' हे क्रियापद सहसा भेटत नाही, म्हणूनही हे नाव आम्हांला लोभस वाटत आले आहे. पण त्या तीन शब्दांचे मोल आम्हांला जाणवले ते रत्नागिरीत. पास खिशात घेऊन आम्ही जी स्थळे पाहत होतो, ती आवडेल तेथे जाण्याची मुभा नसलेल्या माणसांची होती.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. आज जो थिबा राजवाडा म्हणून दाखवला जातो, तिथे राजा राहायला आला तो 1910 च्या सुमारास, म्हणजे बंदिवासाची सुमारे चोवीस वर्षे उलटल्यावर. 1916 मध्ये तो वारला. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीमुळे हा राजा आपल्या विद्यार्थ्यांच्याही परिचयाचा झाला आहे. राजवाड्याच्या उंचावरून खाडी आणि समुद्र दिसतो. प्रवासी त्या देखाव्याची तारीफ करतात, आणि देखावा सुंदर आहेच. पण ज्याला त्या पाण्यावरून परत जाता येणार नव्हते, त्याला तो कसा दिसत असेल, हा प्रश्न तिथून लवकर हलू देत नाही. राणी सुपयालत 1919 मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीलाच आली आणि इथेच 1947 मध्ये तिचे निधन झाले. आवडेल तिथे जाण्याची मोकळीक मिळाल्यावर तिने बंदिवासाचेच गाव निवडले!

राजवाड्यापासून पतितपावन मंदिर फार दूर नाही. 1924 मध्ये सावरकरांची सशर्त सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर, आणि ही स्थानबद्धता 1937 पर्यंत टिकली. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने 1931 मध्ये हे मंदिर उभे राहिले आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसह सर्व हिंदूंना खुले झाले. ज्याला जिल्ह्याची वेस ओलांडता येत नव्हती, त्याच्या खटपटीतून इतरांना देवळाचा उंबरठा ओलांडता आला, हे इथे ध्यानात येते.

नजरकैदेसाठी हे गाव सोयीचे का वाटले असेल, ते इथवरचा प्रवासच सांगतो. पूर्वेला सह्याद्रीचे घाट, पश्चिमेला समुद्र. मुंबईला जायचे तर आगबोट, आणि पावसाळ्यात तीही बंद. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली 1998 मध्ये. 1948 मध्ये जन्मलेल्या एसटीने त्याआधीची दशके हा दुर्गमपणा वाडीवाडीने कमी केला.

दुसऱ्या दिवसासाठी आमची शिफारस मालगुंडची. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या काही आरे-वारे मार्गे समुद्राच्या कडेने जातात, काही निवळीमार्गे. पाटी वाचूनच चढावे, आणि जमल्यास पहिली पकडावी. गाडीत शाळकरी मुले असतात, बाजार करून परतणाऱ्या बाया असतात. आपण ज्या वळणावर 'अहाहा' म्हणतो, त्याच वळणावर कोणीतरी पिशव्या सावरत उतरते. खाजगी मोटारीतून स्थळ दिसते; एसटीतून ते कोणाच्या तरी घराच्या वाटेवर आहे हेही कळते.

पुळ्याहून मालगुंड चालत जाण्याजोगे आहे. 1866 मध्ये केशवसुतांचा जन्म झाला तो या गावी. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचे स्मारक उभारले आहे. दगडांवर कोरलेल्या त्यांच्या कविता उन्हात उभ्याने वाचाव्या लागतात. आपण वर्गात केशवसुत शिकवतो ते आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक म्हणून. मालगुंडला आठवतो तो पोटामागे फिरलेला शिक्षक: मुंबई, खानदेशातील फैजपूर, धारवाड. 1905 मध्ये हुबळीला त्यांचे निधन झाले. त्यांना कोणी स्थानबद्ध केले नव्हते, तरी आवडेल तिथे राहणे त्यांच्याही वाट्याला आले नाही.

ही चैन अजूनही सर्वांची नाही. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 या संपाच्या काळात आमच्या वर्गांतील बाके रिकामी पडली, ती गाडीवाचून पर्याय नसलेल्या गावांतल्या मुलामुलींची. मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. मुलीला कॉलेजात पाठवताना घरोघरी होणाऱ्या हिशेबात या अर्ध्या तिकिटाचे वजन किती, ते आम्ही प्रवेशाच्या दिवसांत पाहतो. म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन रत्नागिरी पाहायची असेल, तर ती एसटीनेच पाहावी असे आम्हांला वाटते. एक मात्र करावे. मालगुंडला पोचल्याबरोबर, कवितांकडे वळण्याआधी, परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते थांब्यावरच्या एखाद्या आजींना विचारून घ्यावे. त्या वेळ तर सांगतीलच. शिवाय कोणाकडे आलात, हेही विचारतील.