उरलेल्या दोन इंजेक्टरांचा हिशेब

विमानात रोटरी इंजिन बसवायला निघालेला नवा गडी भेटला, की त्याचा प्रश्न ठरलेला: इंजेक्टर कितीचे घेऊ? उत्तरही त्याच्या मनात बहुधा तयार असतं. मिळतील तेवढे मोठे. रेसिंगच्या गाड्यांमधून आलेली ही खोड आहे. तिथे टर्बो लावायचा असतो, उद्या आणखी मोठा टर्बो लावायचा असतो, म्हणून आजच सोय करून ठेवायची. विमानात मात्र हा प्रश्न मला दोन अगदी वेगळ्या क्षणांचा वाटतो: टेकऑफनंतरची पहिली काही सेकंदं आणि लँडिंगआधीची शेवटची.

अमेरिकेत स्वतः बांधलेलं विमान ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. त्यामुळेच माझदाच्या आरएक्स-7 मधलं 13बी इंजिन दोन सीटच्या विमानाच्या नाकात बसवण्याचा आमचा उद्योग चालतो. दोन रोटर, प्रत्येकी 654 सीसी. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. शाफ्ट 6000 आरपीएमच्या वर पळतो आणि मधला गिअरबॉक्स प्रोपेलरला सोसेल इतका वेग खाली आणतो. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा पेटतो. म्हणजे 6000 आरपीएमला पेट्रोल टाकून मोकळं व्हायला 10 मिलिसेकंद. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनाला त्याच वेगाला 20 मिळतात. असं हे घाईचं इंजिन.

आधी वहीतला हिशेब. 180 अश्वशक्ती हवी, आणि रोटरी तासाला एका अश्वशक्तीमागे साधारण 250 ग्रॅम पेट्रोल पितं असं धरू. एकूण 45 किलो, म्हणजे तासाला साडेबासष्ट लिटर; मिनिटाला 1040 सीसीच्या आसपास. इंजेक्टर चार, तेव्हा प्रत्येकी 260. इंजेक्टर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही हा संकेत पाळला, तर 325 सीसीचा इंजेक्टर पुरतो. गाडीचा मेकॅनिक इथे वही मिटतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

मी मिटत नाही. चार इंजेक्टर दोन बँकांमध्ये वाटलेले असतात, एका बँकेत प्रत्येक रोटरचा एक. एका बँकेची वायर तुटली किंवा फ्यूज गेला, तर राहिले दोन. पूर्ण रेसवर मिक्स्चर असतं वजनाने साडेबारा भाग हवेला एक भाग पेट्रोल. अर्धं पेट्रोल गेलं की ते होतं पंचवीसला एक, आणि ते धड पेटतच नाही. माझ्या पॅनेलवर प्रत्येक बँकेला वेगळा स्विच आहे. मेलेली बँक बंद केली, की कंप्यूटर उरलेल्या बँकेला दुप्पट वेळ उघडी ठेवू बघतो. पण इंजेक्टर पूर्ण उघडल्यावर त्याहून जास्त काय उघडणार? 325 चे दोन मिळून 650 सीसी देतात. मिक्स्चर वीसला एक. इंजिन मिसिंग करणार, खोकणार. त्याऐवजी 460 चे घेतले, तर दोन मिळून देतात 920, आणि मिक्स्चर येतं चौदाला एकच्या जरा वर. पूर्ण रेसच्या मानाने लीन आहे, एक्झॉस्ट तापेल, पण इंजिन ओढत राहील.

खरं तर 325 वरही उपाय आहे: रेस कमी करायची. हवा कमी झाली की तेच पेट्रोल पुरतं, इंजिन सावरतं, ताकद उलट वाढते. कागदावर हे मला कधीही पटवून देता येईल. पण चाकं नुकतीच जमिनीवरून सुटलेली, समोर झाडं, आणि इंजिन गचके देतंय, अशा वेळी थ्रॉटल मागे ओढायला कुणाचा हात धजावेल? इंजेक्टर निवडायचा तो या हातासाठी. उंचावर ही चिंता उरत नाही. आठ हजार फुटांवर विरळ हवेमुळे पूर्ण थ्रॉटललाही पाऊणच ताकद मिळते, आणि तेवढ्याला 460 ची एक बँक पुरून उरते.

आपल्याकडे नगरच्या व्हीआरडीई आणि बंगळुरूच्या एनएएल या संशोधन संस्थांनी ‘निशांत’ या वैमानिक नसलेल्या विमानासाठी 55 अश्वशक्तीचं रोटरी इंजिन बनवलं. 2009 मध्ये कोलारजवळ त्याची उड्डाण-चाचणी झाली. इंजिन बंद पडलं तरी पॅराशूट होतंच; निशांत एरवीही पॅराशूटनेच उतरायचं. आमच्या विमानाला ती चैन नाही.

मग थेट 850 चे का नको? ते दुसऱ्या क्षणामुळे, लँडिंगआधीच्या. आयडलला इंजिन मिनिटाला साठेक सीसी पितं असं समजा. एकच बँक चालू ठेवली, तर 1800 आरपीएमला 460 चा इंजेक्टर दर फेऱ्याला सव्वादोन मिलिसेकंद पेट्रोल सोडतो. 850 चा सव्वा. शिवाय इंजेक्टरची सुई उचलायलाच जवळजवळ एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरी उतरली की हा वेळ वाढतो. अल्टरनेटर गेला, व्होल्टेज चौदावरून अकरावर आलं, तर साधारण अर्धा मिलिसेकंद आणखी गळतो. सव्वादोनमधून अर्धा गेला तर मिक्स्चरची नॉब फिरवून निभतं. सव्वातून अर्धा गेला, तर फायनलवर रेस पूर्ण मागे घेतल्यावर इंजिन बंदच पडायचं. कंप्यूटर व्होल्टेज बघून भरपाई करतो, मान्य. पण ती भरपाई अंदाजाचीच असते, आणि इंजेक्टर जितका मोठा तितकी चूक महाग.

550 चे घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. दोघांत मिळून पूर्ण 1100 मिळतात, टेकऑफची काळजीच मिटते. मी तरी 460 वर थांबतो, कारण चौदाला एक मला पुरतं आणि आयडल गुळगुळीत लागतो. प्रेशर तीन बारवरून चार केलं तर त्याच 460 मधून पंधरा टक्के जास्त निघतं, हे खरं; पण पंपावरचा बोजा वाढवून मिळवलेली ती वाढ मी हिशेबात धरत नाही.

जुने इंजेक्टर घेतले तर चौघांचा फ्लो बेंचवर मोजून घ्यावा, नाहीतर एक रोटर रिच आणि दुसरा लीन चालतो आणि दोष मात्र स्पार्क प्लगला जातो. आणि विमान उडवण्याआधी शेपूट खुंट्याला बांधून पूर्ण रेस द्यावी, एक बँक बंद करावी, आरपीएम किती पडतात ते लिहून ठेवावं, मग दुसरी. दोन्हींचे आकडे जुळेपर्यंत मी काउलिंग लावत नाही.