सिंहांच्या शेजारचे शहर

नैरोबी हे नाव मसाई भाषेतले. अर्थ, थंडगार पाणी. १८९९ साली रेल्वेच्या तळाभोवती हे गाव वसले. ते रूळ टाकायला आपल्याच देशातले हजारो मजूर गेले होते.

आज केनियाच्या या राजधानीला खेटूनच १९४६ साली राखलेले, ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. जिराफ बाभळीचा पाला ओरबाडतो आणि त्याच्या मानेमागे उंच उंच इमारती दिसतात! शहरातल्या संग्रहालयाने तुर्काना सरोवराजवळ सापडलेला, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या मुलाचा सांगाडा जपला आहे. माणूस आणि श्वापदे यांचा शेजार या देशात असा पुरातन!

उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे. दक्षिणेच्या मोकळ्या बाजूने मात्र झेब्र्यांचे कळप ये-जा करतात. तिथेही आता घरे उठू लागली आहेत. ती वाट बुजली, तर मागे उरेल तो नुसता पिंजरा.