मेल आपल्याच माणसाच्या नावानं येतो



कॉम्प्युटरचा व्हायरस म्हटलं की आपल्या मंडळींना वाटतं, कुणी परका चोर रात्री कुलूप तोडून घरात शिरतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. दार आपणच उघडतो, कारण बाहेरून ओळखीची हाक आलेली असते.

इथे न्यू जर्सीत घडलेली गोष्ट घ्या. 26 मार्च 1999, शुक्रवार. घराघरात पेसाहची साफसफाई चालू होती, पहिला सेदेर पुढच्या बुधवारी होता. त्या दिवशी ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस सुटला. डेव्हिड स्मिथ नावाच्या प्रोग्रॅमरनं तो दुसऱ्याच कुणाच्या एओएल खात्यावरून इंटरनेटवर सोडला होता. मेलच्या विषयात असायचं, ‘अमक्याकडून महत्त्वाचा निरोप’, आणि तो अमका आपल्या खरोखरच्या ओळखीतला. आत लिहिलेलं, तू मागितलेला कागद हा, दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस. सोबतची वर्डची फाईल उघडली की व्हायरस आउटलुकच्या यादीतले पहिले 50 पत्ते घेऊन, उघडणाऱ्याच्याच नावानं, तोच मेल पुढे पाठवायचा. त्या पन्नासांतल्या ज्यानं ज्यानं फाईल उघडली, त्याच्याकडून आणखी पन्नास. मोठमोठ्या कंपन्यांना आपली मेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. 1 एप्रिलला, म्हणजे ऐन पेसाहच्या पहिल्या दिवशी, स्मिथला अटक झाली. नुकसान 8 कोटी डॉलरांहून जास्त धरलं गेलं. 2002 साली त्याला 20 महिने कैद आणि 5,000 डॉलर दंड झाला.

ही गोष्ट वाचली की मला आपला समाज आठवतो. आपण इथे थोडे. माझ्या यादीत जी नावं, तीच तुमच्याही. मलिद्याचं आमंत्रण, मिन्यानसाठी निरोप, लोद किंवा दिमोनाहून आलेली मौतीची बातमी, सगळं त्याच थोड्या पत्त्यांवर फिरतं. अशा ठिकाणी एक कॉम्प्युटर बिघडला की सगळ्यांच्या दारात हाक जाते, आणि ती आपल्याच मावशीच्या आवाजात.

आता मेलिसाचे दिवस गेले, पण युक्ती तीच आहे. आमच्या ओळखीतल्या एका आजींच्या स्क्रीनवर एकदम लाल पाटी आली, भोंगा वाजू लागला. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा.’ त्यांनी केला. समोरचा मुलगा गोड बोलला. त्यानं दुरून कॉम्प्युटर चालवण्याचा प्रोग्रॅम घालायला लावला आणि तीन तास आत बसून राहिला. साठवलेले पैसे गेले. पण त्याहून वाईट पुढेच. आजी लाजेनं तीन आठवडे कुणाशी बोलल्या नाहीत. त्या तीन आठवड्यांत त्यांच्या नावानं ‘जुने फोटो’ म्हणून मेल आम्हा सगळ्यांना येत राहिले, आणि दोघांनी ते उघडले.

आजींना मी बोल लावत नाही. असे फसलेले हजारो आहेत. 2023 या एका वर्षात इथल्या साठीच्या वरच्या माणसांनी इंटरनेटवरच्या फसवणुकीत सुमारे 340 कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी एफबीआयकडे केल्या. आणि फोनवर बोलणारे कुठून बोलतात? ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली मुलं आपण अमेरिकेच्या टॅक्स खात्यातले अधिकारी आहोत असं सांगून इथल्या लोकांना धमकावत आणि पैसे काढत. आपल्या शार हशामाईम सिनेगॉगपासून मीरा रोड काही फार लांब नाही. तेव्हा समोरचा आपल्याकडचा वाटला म्हणून विश्वास टाकू नका.

काय करायचं ते थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर अपडेट मागतो तेव्हा ‘नंतर’ म्हणू नका. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’नं जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, पण अनेकांनी घातलाच नव्हता. विंडोज 10 चं नेहमीचं मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं. तुमचा कॉम्प्युटर त्यावरच असेल तर मुलांना किंवा नातवंडांना आजच विचारा. फोटो आणि केतुबाच्या प्रती वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा, आणि काम झालं की तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. जोडलेला राहिला तर कॉम्प्युटरबरोबर त्यालाही कुलूप लागतं. लाल पाटी आली तर नंबर फिरवू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. पॉवरचं बटण दाबून धरा, कॉम्प्युटर बंद होईल.

पैसे गेलेच तर त्याच तासाला कार्डामागच्या नंबरवर बँकेला फोन करा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला, एफबीआयकडे तक्रार नोंदवा. आणि लगेच आम्हाला सांगा. व्हायरसला सगळ्यांत जास्त मदत आपल्या गप्प बसण्याची होते.

काही वडील मंडळी म्हणतात, नकोच तो कॉम्प्युटर. कोकणात आपले पूर्वज किप्पुरला दारफाळणीचा सण म्हणत. त्या दिवशी दार लावून आत राहायचं. पण तो दिवस वर्षातून एक. बाकीचे दिवस दार उघडं असायचं, आणि कोण आलं ते विचारून माणसाला आत घ्यायचे. अश्दोदची नात स्क्रीनवर दिसते ती याच दारातून. ते कायमचं लावून कसं चालेल?

म्हणून माझी एकच विनंती. माझ्या नावानं काही न मागितलेलं आलं, तर उघडण्याआधी मला फोन करा. कितीही वाजले असले तरी मी रागावणार नाही. मीही तुम्हाला करीन.