वालाखालची जमीन

पनवेलच्या हिवाळ्यात थंडी नावापुरतीच. डिसेंबरातल्या पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि दहा वाजले की ऊन पाठीला लागतं. युरोपात भाजीचे वाफे थंडीभर राय, क्लोव्हर, व्हेच अशा पिकांखाली झाकून ठेवतात आणि वसंत ऋतूत ती पिकं जागच्या जागी मातीत गाडतात. तिथे धाक बर्फाचा आणि पावसाचा, आपल्याकडे उन्हाचा. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेललेली जमीन ऑक्टोबरच्या उकाड्यात वरून तडकू लागते. वीतभर खाली मात्र ओल टिकून असते. ती उडून जायच्या आत जमिनीवर काहीतरी हिरवं चढलं पाहिजे. रायगडातल्या शेतकऱ्याने त्यासाठी फार पूर्वीच वाल निवडून ठेवला आहे.

भात कापून भारे खळ्यावर गेले की खाचरात वाल पडतो. कुणी एखादी पाळी घालून पेरतं, कुणी नुसतंच टोकतं. पाणी द्यायचं नाही, खताची गोणी फोडायची नाही. अंगओलीवर तो उगवतो, पसरतो आणि महिना-दीड महिन्यात माती दिसेनाशी होते. दवावर वाढतो असं जुनी माणसं म्हणतात. पहाटे पानं भिजून चिंब असतात खरी, पण मूळ काम खाली चाललेलं असतं.

परसात मी तोच वाल भाजीच्या वाफ्यात आणला. पावसाळी भेंडी, काकडी, पडवळ आटोपले की तीन वाफे रिकामे राहत आणि जानेवारीपर्यंत त्यांची ढेकळं होत. आता दिवाळीनंतर तिथे वाल असतो. एखादं रोप हळूच उपटावं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतात. नखाने फोडली की आत गुलाबी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं एक द्रव्य तिथे असतं. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, ते काम ऑक्सिजन बिघडवतो, म्हणून हे द्रव्य तो मोजूनमापून आत सोडतं. 1886 साली हर्मान हेल्रीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने बर्लिनच्या सभेत या गाठींचा उलगडा सांगितला. वालानंतरचं भात जोर धरतं, हे कळायला आपल्या बांधावरच्या माणसाला सभेची गरज पडली नव्हती.

इथवर सगळं सुरळीत. पेच येतो फुलावर. हिरवळीच्या खताचा नियम निर्दय आहे: पीक फुलात आलं की कापा. त्या वेळी पाला कोवळा आणि सकस असतो. पुढे दाणा भरू लागला की वेल आपली सगळी कमाई शेंगेत ओततो, गाठी आतून हिरवट-तपकिरी पडतात आणि मातीच्या वाट्याला काड्या उरतात. मी विळा घेऊन वाफ्यात उतरले तेव्हा शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या. ‘‘फुलावरचा वाल कुणी कापतं का, पोरी? शेंग तरी धरू दे.’’ नायट्रोजनची गोष्ट मी त्यांना सांगून पाहिली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. ‘‘मग पोपटीला काय ताग घालणार?’’

याला उत्तर नाही. पनवेल-अलिबागकडच्या माणसासाठी जानेवारी म्हणजे पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, कुणाकडे अंडी, कुणाकडे कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. ज्या भांबुर्ड्याच्या वासावर ती शेंग शिजते, तो तर तण आहे. पाऊस गेला की पडीक रानात, बांधावर आपोआप माजतो. कुणी न पेरता उघडी माती झाकण्याचं काम तोही करत असतोच.

तागाची थट्टा करू नये मात्र. पावसाच्या तोंडावर गुंठ्याला अर्धा किलो बी फेकलं तर दीड महिन्यात कमरेच्या वर जातो आणि गाडायला मिळतो. खाडीकडच्या खाऱ्या, पाणी साचणाऱ्या जमिनीला धैंचा बरा. भाताच्या ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’ या खारं सोसणाऱ्या जाती इथल्याच खार जमीन संशोधन केंद्राच्या. बांधावरचा गिरीपुष्प जूनमध्ये छाटून चिखलात तुडवायचा, हाही जुना सल्ला. आणि याच मुलखात उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागी शेण, पाला, गवत रचून राब भाजतात! एकीकडे पाला गाडा, दुसरीकडे जाळा. पण राबाला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तणाने भरलेल्या वाफ्यातून भाताची रोपं उपटून पाहावीत. आगीने तणाचं बी मरतं, माती मऊ होते; त्या धुराला कारण आहे.

माझा पेच सुटला तो नेरळच्या बाजूने. तिथल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफे कायमचे. पीक निघालं की ते जमिनीलगत कापायचं, मुळं आतच ठेवायची. ती कुजली की त्यांच्या पोकळ वाटांनी हवा आणि पाणी आत जातं, गांडुळं येतात. मग गाडण्याचा हट्ट तरी कशाला? आता दोन वाफ्यांतला वाल मी शेंगांसाठी राखते, एक फुलावर कापते. कापलेला पाला तिथेच पसरायचा. शेंगांच्या वाफ्यांतही मुळं उपटायची नाहीत, वाळलेले वेल वरच टाकायचे. हिशेब चोख नाही. शेंगेबरोबर बराचसा नायट्रोजन घरात येतो आणि बिरड्यात संपतो. तो वाफ्याला शेणखताने परत करावा लागतो.

मार्चमध्ये त्या वाळल्या वेलांत बोट घालून भोकं पाडायची आणि गवार, भेंडी टोकायची. उघड्या वाफ्यात रोज पाणी मागणारी भेंडी इथे दिवसाआड भागवते. वाळवी येते, तेवढं सोसायचं.

गावाबाहेर मात्र वालाची खाचरं दर वर्षी कमी दिसतात. 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली, पलीकडे विमानतळ उभा राहिला. मधल्या जमिनींवर भराव आहे, कुंपणं आहेत, मालकांच्या नावाच्या पाट्या आहेत. उरलेल्या खाचरांत पेरलं तर मोकाट गुरं शिरतात, म्हणून शेजारी पेरत नसेल तर कुणीच पेरत नाही. एकट्याने राखायचा हा वाल नव्हेच. काकींनी यंदा आमच्या कुंपणाला लागून असलेल्या त्यांच्या दोन खाचरांत पेरा करायचं ठरवलं आहे, अट एकच: रात्रीची राखण अर्धी माझी, आणि फुलावर विळा घेऊन यायचं नाही.