दोन माणसांची गाडी

सुरतमध्ये कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की पहिला प्रश्न येतो, "आ केटलानी आवी?" नाशिक-पुण्याकडे हा प्रश्न मनात ठेवून बाकीचं सगळं विचारतात. इथे आधी किंमत, मग मॉडेल, मग मायलेज, आणि शेवटी घारी कधी देणार ते. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हे फार उद्धट वाटायचं. आता मीच विचारते.

गाडीचं या गावाला भारी कौतुक. सावजी ढोलकियांच्या हिरे कंपनीने २०१४ च्या दिवाळीला कारागिरांना ४९१ गाड्या बोनस म्हणून दिल्या, २०१६ ला १,२६०. सगळ्या देशाने तोंडात बोट घातलं. सुरतमध्ये लोकांनी फक्त रंग कोणता ते विचारलं. डुमस रोडला रविवारी संध्याकाळी उभं राहिलं तर दर दहा मिनिटांनी एक पांढरी फॉर्च्युनर जाते, आणि ती कुणाची, धंदा कोणता, हे सांगणारा कुणीतरी शेजारी उभा असतोच. बाजारात उधारी किती द्यायची याचा अंदाजही म्हणे गाडीवरून बांधतात. अशा गावात आमच्या ह्यांनी दोन वर्षांपूर्वी जुनी, बुटकी, दोन सीटांची गाडी घेतली. पोर्शे केमन एस, २०१४ चं मॉडेल, मुंबईहून आणलेली.

आमची पांडेसऱ्यात लूमचे सुटे भाग बनवायची छोटी वर्कशॉप आहे. हे इथल्याच रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, ज्याला आता एसव्हीएनआयटी म्हणतात. इंजिन हा ह्यांचा विषय. माझा विषय म्हणजे गाडीत माणसं किती बसतात, आणि त्यात माझं काही चुकतं असं मला आजही वाटत नाही. आम्ही मूळचे कळवण तालुक्यातले, कुलदैवत सप्तशृंगी. वर्षातून दोनदा तरी गडावर जाणं ठरलेलं. सासूबाई, दीर-जाऊ, मुलं, कधी नणंद, शिवाय नैवेद्याचे डबे. तीस वर्षं आम्ही असेच गेलो, आधी मारुती व्हॅनमधून आणि व्हॅन २००६ च्या पुरात बुडाल्यावर मोठ्या गाड्यांमधून. अडाजणला तेव्हा पहिला मजला पाण्यात होता. उकाईतून सोडलेलं पाणी रात्रीतून वाढलं, आणि व्हॅन खाली पार्किंगमध्ये कुठे आहे हे कळायलाही पाणी ओसरावं लागलं.

त्या व्हॅनचा विषय पुढे निघणार होता. कारण हे जेव्हा म्हणाले, "मला मधल्या इंजिनाची गाडी हवी आहे," तेव्हा मी म्हटलं, ती तर आपल्याकडे होती की! मारुती व्हॅनचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असायचं आणि ताकद मागच्या चाकांना. उन्हाळ्यात बिलिमोऱ्यापर्यंत पोहोचेतो ड्रायव्हरची सीट तव्यासारखी तापायची. ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे कबूल केलं की हो, तत्त्व जवळचंच आहे.

तत्त्व मला त्यांनी पोळपाटापाशी उभं राहून समजावलं. नेहमीच्या गाडीत इंजिन पुढे, नाकात. ह्याच कंपनीच्या प्रसिद्ध नाइन इलेव्हनमध्ये ते पार मागे, मागच्या आसाच्याही पलीकडे. केमनमध्ये ते माणसांच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे. मला पटलं ते माझ्याच उपमेने: बाई मूल कडेवर घेते, डोक्यावर किंवा हातभर लांब धरत नाही. वजन कमरेशी असलं की वळताना तोल जात नाही. कंपनीने १९४८ साली स्वतःच्या नावाची पहिली गाडी बनवली तिच्यातही इंजिन मधेच होतं. मग जागेसाठी ते मागे गेलं, आणि १९९६ च्या बॉक्स्टरमध्ये, साध्या रस्त्यावरच्या गाडीत, पुन्हा मधे आलं. केमन ही त्या बॉक्स्टरचीच छप्पर असलेली बहीण.

घरात महिनाभर चर्चा झाली. खरं तर वाद झाला. रक्कम लहान नव्हती, आणि ती आमच्या म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेल्यातली होती. पुण्याच्या चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर तीन पर्याय मांडले. एक, सात सीटांची नवी कोरी मोठी गाडी, म्हणजे आजी, आम्ही, ते, सूनबाई सगळे एकत्र. दोन, स्पोर्ट्स कारच हवी तर नाइन इलेव्हन, निदान मागे दोन सीटा तरी आहेत. तीन, केमनच हवी तर नवी पिढी घ्या, २०१६ नंतरची ७१८, तिला वॉरंटी तरी मिळेल.

ह्यांची उत्तरं तयार होती. नाइन इलेव्हनच्या मागच्या सीटवर सहा वर्षांचं पोर बसतं, आई बसणार आहे का? मग त्या सीटांचे पैसे कशाला? ७१८ नवी खरी, पण तिच्यात चार सिलिंडर आणि टर्बो. जुन्या केमन एसमध्ये ३.४ लिटरचे सहा सिलिंडर, तीन इकडे, तीन तिकडे, आडवे निजलेले. ताकद ३२५ अश्वशक्ती आणि टर्बो नाही. मुंबईत विक्रेत्याकडे दोन्ही गाड्या सुरू करून दाखवल्या होत्या. कागदावर नवीच्या बाजूने बरंच काही होतं. हे म्हणाले, "नवी चांगली पळते. पण जुनी गाते." तीस वर्षं लूमचा खडखडाट ऐकलेल्या माणसाला आवाजाचं एवढं पडलं आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आणि मोठ्या गाडीबद्दल? त्यावर हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी एकोणसाठचा आहे. माझा गुडघा अजून वाकतो. मोठी गाडी सत्तरीतही घेता येईल."

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दोन अटी घातल्या. आईंसाठी वॅगनआर विकायची नाही, आणि पावसाळ्यात ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. दुसरी अट सुरतकरांना समजावून सांगायला नको. खाडीचं पाणी पर्वत पाटिया, लिंबायतकडे कसं शिरतं ते आपण दरवर्षी बघतो, आणि ही गाडी जमिनीपासून एवढीशी वर.

गाडी आली, तिच्यामागे कागद आले. महाराष्ट्रातली गाडी गुजरातला आणायची तर आधी तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी फॉर्म २८. मग इथे नव्याने रोड टॅक्स, मग जीजे-०५ चा नंबर, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागत बसायचं. जुनी गाडी स्वस्त पडते असं वाटणाऱ्यांनी हा खर्च आधी वहीत लिहावा, आणि टायरचाही.

बाजारात वेगळंच झालं. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बद्धू बराबर छे ने?" दहा वर्षं जुनी गाडी घेतली म्हणजे धंद्यात ओढाताण असणार, असा त्याचा हिशेब. एका यार्नवाल्याने तर उधारीची मुदत साठ दिवसांवरून तीसवर आणली. कारण सांगितलं नाही, पण आम्हाला ते कळलं. दोन हप्ते वेळेआधी भरल्यावर मुदत पुन्हा पूर्वीसारखी झाली. हे हसले. मला मात्र दोन रात्री झोप लागली नव्हती, कारण वर्कशॉपचे पगार मी काढते.

सोसायटीत गाडी बघायला लोक आले. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, इंजिन दाखवा. ह्यांनी पुढचं बॉनेट उघडलं. आत डिकी, रिकामी. मागचं झाकण उघडलं. तिथेही डिकी, आणि कडेला दोन टोप्या, एक ऑइलची आणि एक कूलंटची. "पण इंजिन क्यां छे?" इंजिन आहे, पण दिसत नाही. ते बघायचं तर गाडी वर उचलून खालून. काकांची समजूत पटली नाही. फसवलं गेलात, असं त्यांनी तोंडाने नाही, पण मानेने सांगितलं.

दोन डिक्यांचा उपयोग मात्र मला पहिल्याच प्रवासात कळला. कोजागिरी झाली आणि दुसऱ्या दिवशी चंदी पडवो. इथे त्या रात्री सगळं गाव रस्त्याकडेला चादरी टाकून घारी आणि भुसू खात बसतं, हे नव्याने सुरतला आलेल्यांसाठी सांगते. त्याच्या पुढच्या पहाटे आम्ही गडाला निघालो. मागची डिकी इंजिनाला लागून असल्याने थोडी गरम होते, म्हणून घारीचा डबा पुढच्या १५० लिटरच्या डिकीत आणि कपडे मागच्या २७५ लिटरच्या. तूप थेट वणीपर्यंत घट्ट राहिलं.

नवसारी, चिखली, तिथून डावीकडे वांसदा. हायवेवर ही गाडी मला विशेष वाटली नाही. ट्रकची चाकं आपल्या डोक्याच्या उंचीवर फिरताना दिसतात, ते काही सुखाचं नाही. गतिरोधकांवर तर हे इतक्या हळू आणि तिरके जायचे की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून दमले. वघईला चहा घेतला. इथे बिलिमोऱ्याची नॅरो गेज संपते. १९१३ साली, सयाजीराव गायकवाडांच्या काळात सुरू झालेली, ६३ किलोमीटरची. एवढी बारीक रेल्वे डांगच्या सागवानासाठी पुरेशी होती, असं हे म्हणाले. त्यांना त्या दिवशी सगळ्या लहान गोष्टींचं प्रेम आलं होतं.

वघई सोडलं की डांगचं जंगल आणि सापुताऱ्याचा घाट. ह्या घाटात मी तीस वर्षं उलटीची पिशवी हातात धरून बसलेली आहे. उंच गाडी वळणावर बाहेर झुकते, आपण आत झुकतो, पोट मधेच राहतं. ह्या वेळी पहिली चार वळणं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पिशवी अजून पर्समध्येच आहे. गाडी झुकतच नव्हती. हे वेगात नव्हते, चाळीस-पन्नासच असेल. पण वळण सुरू झालं की ती अशी वळायची, जणू रस्ताच तिच्याभोवती फिरतोय. काच खाली होती. ओल्या सागाच्या पानांचा वास येत होता, आणि चढावर त्या सहा सिलिंडरांचा आवाज पाठीमागून, अगदी कानाशी. गाते म्हणाले ते खोटं नव्हतं.

सापुताऱ्याला सगळे थांबतात, आम्ही थांबलो नाही. पुढे हद्द ओलांडली की हतगड डावीकडे ठेवून रस्ता बोरगावला उतरतो. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा सुरत करून बागलाणातून ह्याच मुलखात परतले, आणि वणी-दिंडोरीला दाऊदखानाशी लढाई झाली. लादलेले घोडे त्यांनी पुढे पाठवले होते, ओझं नसलेले स्वार घेऊन स्वतः मागे थांबले होते. सुरतहून ह्या बाजूला गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ही गोष्ट एकदा सांगावीशी वाटते. ह्यांनी ती दोनदा सांगितली.

नांदुरीहून गडाचा रस्ता चढताना मी सवयीने मागे वळून पाहिलं. डबे नीट आहेत का, मुलं झोपली का. मागे काहीच नव्हतं, फक्त एक कठडा आणि काच. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर आम्ही दोघंच गडावर असे कधी आलो होतो ते दोघांनाही आठवेना. गाडीत बोलायला खूप काही होतं असंही नाही. एकमेकांना पाणी दिलं, एकदा चष्मा शोधला. नंतर ट्रॉलीने वर जाऊन दर्शन घेतलं. आईंच्या नावाने ओटी भरताना मात्र जीव थोडा खाली-वर झाला. आई सोबत नव्हत्या, आणि आजारी होत्या म्हणून नव्हे, जागा नव्हती म्हणून.

घरी आल्यावर आईंनी प्रसाद घेतला आणि म्हणाल्या, "मला बसव बघू त्या डबीत." आई चौऱ्याऐंशीच्या. गाडीची उंची १,३०० मिलिमीटरसुद्धा नाही. युक्ती आमच्या कामवालीने काढली: सीटवर प्लॅस्टिकची गुळगुळीत पिशवी ठेवायची, आईंनी आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून माणूस पिशवीवर फिरवायचं, आणि मग पिशवी काढून घ्यायची. पहिल्यांदा दहा मिनिटं लागली, आता तीन लागतात. उतरताना दोघं लागतात.

डुमसच्या गणपतीपर्यंत जाऊन आल्या. दोन सीटा, तेव्हा मी घरी. परत आल्यावर गाल लाल, केस विस्कटलेले. म्हणाल्या, मऊ आहे, पण सिग्नलला सगळे आत वाकून बघतात. मग पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, चैत्राच्या यात्रेला कोण जाणार ते ठरलंय का. मी म्हटलं, वॅगनआर आहे की, सगळेच जाऊ.

"तुम्ही या वॅगनआरने," आई म्हणाल्या. "आम्ही दोघं पुढे जातो."