बॅटरी बदलण्याआधी

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि रोज सकाळी भूमकर चौकातून हिंजवडीच्या आयटी पार्ककडे सरकणारी गाड्यांची रांग नाहीशी झाली. त्या गाड्या वाकड, मारुंजी, माणच्या सोसायट्यांत जागच्या जागी उभ्या राहिल्या. कित्येक आठवड्यांनी मालकांनी चावी फिरवली, तेव्हा अनेक गाड्यांचा सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबला.

दोष बॅटरीवर आला. हिशेब मात्र वेगळा होता. बंद गाडीही थोडा करंट घेतच असते: सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कंट्रोल युनिटची, मेमरी. २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंत ते चालायचंच. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे पंधरवड्यात जवळपास निम्मी बॅटरी रिकामी. वर पुण्याचा उन्हाळा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि चार्ज करूनही तिची पूर्ण ताकद परत येत नाही.

रोज धावणाऱ्या गाडीची बॅटरी उतरते, तेव्हा खरा शोध सुरू होतो. आम्हा ऑटो इलेक्ट्रिशियन मंडळींकडे गिऱ्हाईक येतं ते बहुधा नवी बॅटरी टाकून झाल्यावर, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. मीटर लावायला पाच मिनिटं लागतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. दुसरा आकडा कमी आला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघायचा. दुसरा आकडा ठीक असूनही सकाळी पहिला कमी येत असेल, तर कुठेतरी करंट गळत असण्याची शक्यता असते.

गळती मोजायची तर मायनसची केबल सोडवून मधे मीटर जोडायचा, १० अँपिअरच्या रेंजवर. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. नवख्या हातांना इथेच धीर धरवत नाही. दार लावल्यावरही गाडीतले कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत. काही गाड्यांना अर्धा तास लागतो. तोवर मीटर मोठाच आकडा दाखवतो आणि नसलेला दोष दिसतो. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद करायचं, किल्ली लांब ठेवायची आणि थांबायचं.

मग एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते बघणं, ही जुनी रीत. पण फ्यूज काढून पुन्हा बसवला की झोपलेले युनिट जागे होऊ शकतात. त्यापेक्षा फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजावेत. झोपलेल्या गाडीत करंट वाहत नसेल तर शून्य. आकडा दिसला, की त्याच लाइनचा माग काढायचा.

माग बहुतेकदा बाहेरून बसवलेल्या वस्तूपाशी पोचतो. म्युझिक सिस्टिमची इग्निशनची वायर कायम चालू असलेल्या वायरला जोडलेली असते, डॅशकॅम पार्किंग मोडवर असतो. आयटी कंपन्यांच्या कॅबमध्ये जीपीएस ट्रॅकर असतोच. सार्वजनिक वाहनांतल्या ट्रॅकरसाठी एआयएस-१४० हे मानक पुण्याच्याच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलं आहे. पण वायर कुठे जोडायची हे शेवटी बसवणाऱ्याच्या हातात. कधी कारण अगदी क्षुल्लक निघतं. डिकीचा ५ वॅटचा दिवा विझत नसेल तर ०.४ अँपिअर खातो, दोन दिवसांत निम्मी बॅटरी संपते. बंद डिकीत मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवला, तर दिवा जळतोय का ते कळतं.

सगळे फ्यूज निर्दोष निघाले तरी गळती असू शकते. अल्टरनेटरची जाड वायर बहुतेक गाड्यांत केबिनच्या फ्यूज बॉक्समधून जातच नाही. आतला डायोड खराब झाला, की बॅटरीचा करंट उलटा अल्टरनेटरमध्येच जिरतो. अशा वेळी आधी बॅटरीची मायनस सोडवून ती जाड वायर काढायची, तिचं टोक टेप लावून झाकायचं आणि मगच मीटर पुन्हा जोडायचा. आकडा पडला, तर अल्टरनेटर खोलायला घ्यावा.