साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. "लेकीचा कॉलेजसाठी व्हिडिओ केलात म्हणे, म्हणजे नक्की काय केलंत?" असं पुण्याहून नणंदेने विचारलं, आणि इथे न्यू जर्सीत ज्यांची मुलं सध्या आठवी-नववीत आहेत अशा दोन-तीन मैत्रिणींनीही. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी पुणेकरांसाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे खेळाच्या कोट्यातून प्रवेश हवा असेल तर प्रमाणपत्रं जोडायची. जिल्हा, विभाग, राज्य, त्याच्या झेरॉक्स, त्यावर सही-शिक्का. इथे प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. कॉलेजच्या संघाचा कोच स्वतः खेळाडू निवडतो. डिव्हिजन वनमध्येच मुलींच्या सॉकरचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत, आणि डिव्हिजन थ्रीमध्ये चारशेहून जास्त. प्रत्येक कोचला देशभरातून ढिगाने ईमेल येतात. तो काही आमच्या गावच्या मैदानावर येऊन बसणार नाही. म्हणून त्याला आधी व्हिडिओ पाठवायचा. तो बघून त्याला वाटलं की ही मुलगी प्रत्यक्ष बघावी, तर व्हिडिओचं काम झालं. व्हिडिओ बघून कुणी संघात घेत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

सासूबाईंना हे सगळं समजावलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे स्थळाला फोटो पाठवायचा तसंच की गं!" मी हसले, पण नंतर पहिल्या पाटीवर नाव, उंची, शाळा, बारावी कधी होणार ते वर्ष, मार्क असं सगळं टाइप करताना मला सारखं तेच आठवत होतं. पत्रिकाच राहिली फक्त. मनातून जरा खट्टूही झाले. लेकीला मात्र काही वाटलं नाही. तिचं म्हणणं, "आजीला सांग, इथे मीपण त्यांना बघतेय."

आता मुद्द्याची अडचण. आमची लेक सेंटर बॅक आहे, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारी. गोल मारणाऱ्या पोरीचा व्हिडिओ करणं सोपं. गोल, गोल, गोल, मग मैत्रिणींनी मारलेल्या मिठ्या. बचाव करणारीचं चांगलं काम म्हणजे काहीतरी न घडणं. ती दोन पावलं डावीकडे सरकते, म्हणून समोरची मिडफिल्डर तिथे पास देतच नाही. ती ओरडून शेजारणीला मागे बोलावते, म्हणून हल्ला तिथेच विरतो. आता हे व्हिडिओत दाखवायचं कसं? त्यात क्लबने घेतलेला तो उंच खांबावरचा कॅमेरा आपणहून चेंडूच्या मागे फिरतो. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की आमची लेक चित्राबाहेर!

नवऱ्याने पहिली आवृत्ती केली. दणदणीत संगीत, तिच्या नावाची अक्षरं आगीतून बाहेर येतात, प्रत्येक हेडर स्लो मोशनमध्ये, दोनदा. सात मिनिटं. नातेवाइकांना फार आवडली (नणंदेच्या स्टेटसवर चार दिवस होती). लेकीच्या क्लबच्या कोचनी मात्र शांतपणे सांगितलं, की बघणारा माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवतो पुढे बघायचं की नाही, आणि ते अर्धं मिनिट तुम्ही आगीत घालवलंय. स्लो मोशनचंही तसंच. बघणाऱ्याला मुलीचा वेग बघायचा असतो आणि आपण नेमका तोच लपवतो.

मग मी वही घेऊन बसले. वर्षभरातल्या बावीस मॅचेस. रोज रात्री भांडी आवरली की एक अर्ध. वेळ, काय घडलं, कुठला पाय, समोरचा संघ कसा होता. चार-शून्यने जिंकलेल्या मॅचमधलं जवळजवळ काहीच घेतलं नाही, कारण दुबळ्या संघासमोर कुणीही छान दिसतं. शेवटी अठरा तुकडे निवडले, प्रत्येकी बारा सेकंदांच्या आसपास. एकूण साडेतीन मिनिटं.

मैत्रिणींनो, हे नीट वाचा. तुकडा चेंडू तिच्याकडे आल्यावर सुरू करू नका. पाच-सहा सेकंद आधीपासून घ्या. ती कुठे उभी होती, मान वळवून मागे बघत होती का, हे त्यातच दिसतं, आणि बचावपटूची खरी परीक्षा तिथेच असते. चेंडू काढून घेतल्यावरही लगेच कापू नका, पुढे तिने तो कुणाला दिला तेही दिसू द्या. नुसता उडवून दिला की पास केला, फरक आहे. सुरुवातीला क्षणभर चित्र थांबवून तिच्याभोवती गोल काढायचा, नाहीतर बावीस मुलींत कोच कुणाला शोधणार? जवळून घेतलेलं चित्र आईबापांना आवडतं, कोचला अर्धं मैदान दिसायला हवं. एकामागून एक धडक मारून चेंडू काढतानाचे तुकडे जोडत बसू नका, एक डाव्या पायाचा लांब पास, एक दबावाखाली शांतपणे बाहेर काढलेला चेंडू, असं वेगवेगळं घ्या. सगळ्यात चांगले तीन-चार अगदी पहिले. शेवटाला राखून ठेवायला हा काही सिनेमा नाही.

आणि आवाज बंद! संगीतही नको, मैदानावरचाही नको. आमच्या बावीसपैकी निदान दहा मॅचेसमध्ये एका मराठी पुरुषाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, "अगं पळ पळ पळ!", आणि दोन ठिकाणी पंचाच्या दृष्टीबद्दल शंका. तीही इंग्रजीत. कोच मंडळी मुलीबरोबर आईबापही पारखून घेतात म्हणे.

खरा वाद एका तुकड्यावरून झाला. एका तगड्या संघाबरोबरची मॅच. त्यांची स्ट्रायकर लेकीला चकवून सरळ पुढे निघून जाते. लेक वळते, मागे धावते, जवळजवळ तीस यार्ड, तिला आतल्या बाजूने रेटत टच लाइनकडे ढकलते आणि ती फटका मारायच्या बेतात असताना चेंडू काढून घेते. नवरा म्हणाला, "हा नको. पहिल्या दोन सेकंदांत हुकलेली दिसतेय ती." लेक म्हणाली, "हाच हवा. आणि पहिल्या चारांत हवा."

"अगं पण आपण होऊन कशाला दाखवायचं?"

"बाबा, मी पूर्ण सीझनमध्ये कितीदा हुकलेय. सगळ्याच हुकतात. हुकल्यावर मी काय करते ते बघायचं असतं त्यांना. आणि असं न हुकणारी मुलगी दाखवून मला घेतलं, तर पहिल्या आठवड्यात कळेलच की!"

सोळा वर्षांची पोर. नवरा गप्प बसला, आणि तुकडा चौथ्या क्रमांकावर गेला.

व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवायचा, 'प्रायव्हेट' नाही, नाहीतर लिंक उघडतच नाही. ईमेल मुलीने स्वतः लिहायची, आईने नाही. विषयाच्या ओळीतच वर्ष आणि जागा: २०२७, सेंटर बॅक. आत त्या कॉलेजबद्दल खरंच दोन ओळी, क्लबच्या कोचचा फोन, पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक आणि एका पूर्ण मॅचची लिंक. लेकीने चाळीस कॉलेजांना पाठवली.

पहिल्या वेळी, नववीत असताना, उत्तरं आली नव्हती, तेव्हा घरात सुतकच होतं. पण डिव्हिजन वनच्या कोचना दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत मुलींशी स्वतःहून काही बोलताच येत नाही, तसा नियमच आहे. ती तारीख उलटल्यावर काही उत्तरं आली, त्यातली बरीचशी उन्हाळी शिबिराची छापील आमंत्रणं, पैसे भरून या अशी. ती निवड समजू नये. शिवाय जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या त्या मोठ्या समझोत्यानंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांच्या मुलींच्या सॉकर संघात जास्तीत जास्त अठ्ठावीस जणी. आधी अशी मर्यादा नव्हती. तेव्हा सगळ्यांनीच एक डोळा डिव्हिजन थ्रीवर ठेवावा. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही (आयव्ही लीगच्या आठ कॉलेजांतही नाही), पण अभ्यास आणि घरची परिस्थिती बघून मदत मिळते, आणि खेळायलाही मिळतं.

अशाच एका छोट्या कॉलेजच्या कोचबाईंचं चार ओळींचं उत्तर आलं. व्हिडिओ पाहिला, आता हरलेली एक पूर्ण मॅच पाठव. आमच्याकडे होती, शून्य-तीनने हरलेली, त्यातला दुसरा गोल लेकीच्या बाजूने झालेला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. लेकीने तोवर लिंक पाठवलीसुद्धा होती.

त्या कोचबाई येत्या शनिवारी स्पर्धेला येणार आहेत. मॅच सकाळी आठला, तिसऱ्या मैदानावर. नवऱ्याला आत्ताच बजावून ठेवलंय, थर्मासमध्ये चहा देईन, तो पीत बसायचं आणि नव्वद मिनिटं तोंडातून एक शब्द काढायचा नाही.